ब्लँकेट ठेवू कुठी?

डिसेंबरात नागपुरात दोन गोष्टी दरवर्षी होतात. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, आणि रात्री अकरानंतर ब्लँकेट वाटणाऱ्या गाड्या रस्त्यांवर फिरू लागतात. या दुसऱ्या कामात मी नऊ वर्षं होतो. कोणी वाढदिवसाचा खर्च वाचवून, कोणी आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्तानं पैसे द्यायचं. आम्ही सात-आठ जण गांधीबागेतून घाऊक भावात ब्लँकेट उचलायचो आणि मेडिकल चौक, कॉटन मार्केट, रेल्वे स्टेशन, यशवंत स्टेडियमच्या भोवतालचे फुटपाथ असं करत पहाटे दोन-अडीचला घरी पोहोचायचो.

दोन वर्षांपूर्वी मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, भिंतीला लागून झोपलेल्या एका माणसानं ब्लँकेट परत केलं. पन्नाशीचा असेल. "द्या दुसऱ्या कोणाले," म्हणाला. थंडी तर हाडात शिरत होती. मी आग्रह केला, तेव्हा तो उठून बसला.

"घेतो भाऊ. पण सकायी हे ठेवू कुठी?"

त्याचं म्हणणं साधं होतं. सकाळी सातला तो ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर काम मिळण्याची वाट पाहत थांबतात त्या जागी, जाऊन उभा राहतो. हातात बोचकं दिसलं की ठेकेदार त्याला घेत नाही. ज्याचा ठिकाणा नाही तो उद्या येईल की नाही याचा भरवसा वाटत नाही. बोचकं भिंतीशी ठेवून जावं तर संध्याकाळपर्यंत ते कचऱ्याच्या गाडीत गेलेलं असतं, नाहीतर दुसऱ्या कोणाच्या अंगावर. आदल्या हिवाळ्यात त्याला तीन ब्लँकेट मिळाले होते. तिन्ही गेले. एकाबरोबर आधार कार्डही गेलं, कारण ते त्यातच गुंडाळलेलं होतं.

त्या रात्रीनंतर माझा या प्रश्नाकडे पाहण्याचा मार्ग बदलला. बेघर माणसाला आपण जे काही देतो ते रात्रीपुरतं असतं: जेवणाचं पाकीट, पांघरूण, फार तर महापालिकेच्या निवाऱ्यातली एक गादी. त्याची खरी अडचण दिवसाची आहे. सामान कुठे ठेवायचं, अंघोळ कुठे करायची, कागदावर पत्ता काय लिहायचा, आजारी पडलं तर दुपारी कुठे पडून राहायचं, कामाच्या ठिकाणापासून किती लांब झोपायचं. ही दिवसाची बाजू कोणी हातात घेत नाही म्हणून माणूस वर्षानुवर्षं रस्त्यावर राहतो, असं माझं मत आहे. ती हातात घेणं सरकारइतकंच आपल्या मोहल्ल्यांचंही काम आहे.

आधी हे लोक कोण, ते पाहू. जनगणनेच्या व्याख्येत रस्त्याकडेला, फुटपाथवर, उड्डाणपुलाखाली, पाइपांमध्ये, जिन्याखाली, देवळाच्या ओसरीत, रेल्वेच्या फलाटावर राहणारी माणसं बेघर धरली जातात. त्यांची मोजणी एका रात्रीत करतात. २०११ मध्ये ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. देशात १७ लाख ७० हजारांच्या वर माणसं मोजली गेली, महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. २००१ च्या तुलनेत देशाचा एकूण आकडा थोडा घटला होता, पण शहरांतला ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेला होता. मोजणाऱ्याला जे दिसले तेवढेच यात आले. बाया अशा मोजणीत फारशा सापडत नाहीत. रात्री दिसेल अशा जागी झोपणं बाईला परवडत नाही. ती दवाखान्याच्या व्हरांड्यात पेशंटची नातेवाईक होऊन बसते, देवळाच्या मागे सरकते, किंवा रात्रभर चालत राहते.

नागपुरातल्या रस्त्यांवर झोपणाऱ्यांत भीक मागणारे थोडे आहेत, हे नऊ वर्षांच्या फिरण्यावरून मी सांगतो. जास्त आहेत ते कामकरी. ठिय्यावरचे मजूर, त्यांत छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून आलेले बरेच. कॉटन मार्केटचे हमाल. लग्नसराईत कॅटररकडे भांडी घासणारी, वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणारी मंडळी. सायकलरिक्षा ओढणारे म्हातारे. ई-रिक्षा आल्यावर त्यांचा धंदा बसला, आणि धंद्याबरोबर झोपायची जागाही गेली, कारण रिक्षाची सीट हाच त्यांचा पलंग होता. भंगार वेचणाऱ्या बाया. मग घरातून काढून दिलेले वृद्ध, आणि मनाचे आजार असलेली माणसं. मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी दवाखान्यांच्या आसपास आणखी एक जमात असते, तिला आपण बेघर म्हणत नाही: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याहून पेशंटबरोबर आलेले नातेवाईक. पेशंट वॉर्डात दीड महिना, बायको दीड महिना झाडाखाली. यांतला एखादा पेशंट दगावतो, गावातलं शेत उपचारात गेलेलं असतं, आणि मागे राहिलेलं माणूस गावी परत जातच नाही. अशा दोन बाया मला माहीत आहेत.

"कमावतात तर खोली का घेत नाहीत?" हा प्रश्न मला चांगल्या चांगल्या माणसांनी विचारला आहे. हिशोब मांडून बघा. समजा रोजी ५०० रुपये आहे आणि महिन्यात १५ दिवस काम मिळतं. पावसाळ्यात तेवढंही नाही. झाले साडेसात हजार. त्यातले दोन-अडीच हजार गावी जातात, कारण त्यासाठीच माणूस आलेला असतो. उरलेल्या पाच हजारांत दोन वेळचं बाहेरचं जेवण. घर नसलेल्या माणसाला स्वयंपाक करता येत नाही, त्यामुळे तुम्हा-आम्हाला जो वरण-भात चाळीस रुपयांत पडतो तो त्याला ऐंशीला पडतो. संडासाला पैसे, अंघोळीला पैसे, मोबाइल चार्ज करायला पानठेल्यावर पैसे. आपण फुकट समजतो ती प्रत्येक गोष्ट तो सुटी-सुटी विकत घेतो. गरिबी महाग असते, ती अशी. वर खोलीसाठी डिपॉझिट लागतं, ओळखीचा जामीन लागतो, आधारवर पत्ता लागतो, आणि घरमालकाला "फॅमिली" हवी असते. एकट्या मजुराला खोली देणारा मोहल्ला मला अजून भेटलेला नाही. एकट्या बाईला तर नाहीच.

घरं कमी आहेत म्हणून हे होतं, हे अर्धंच खरं. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटानं २०१२ मध्ये शहरी भारतात सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई सांगितली, आणि त्यातली ९५ टक्क्यांहून जास्त टंचाई कमी उत्पन्नाच्या लोकांची होती. त्याच सुमाराच्या जनगणनेत शहरांतली १ कोटी १० लाखांवर घरं रिकामी आढळली. आपल्याकडे घर ही राहण्याची वस्तू कमी आणि पैसा गुंतवण्याची जास्त झाली. बेसा-मनीषनगरच्या कोणत्याही नव्या स्कीमसमोर संध्याकाळी उभं राहा आणि किती खिडक्यांत दिवे लागतात ते मोजा.

पूर्वी कामगाराला बोलावणारा त्याच्या राहण्याचाही थोडा विचार करायचा. एम्प्रेस मिल १८७७ मध्ये सुरू झाली आणि पुढे तिनं इंदोऱ्याकडे कामगारांसाठी वसाहत उभारली. बेझनबाग हे नाव आपण रोज घेतो, ते मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडलं. मिल २००२ मध्ये बंद झाली. तिच्या जागेवर आज मॉल आणि उंच इमारती आहेत. त्या इमारतींवर विटा चढवणारा मजूर मात्र कोणाचाच नव्हता. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्यात मालकानं साइटजवळ कामगारांना तात्पुरती राहण्याची जागा फुकट द्यावी असं लिहिलेलं आहे. मोठ्या साइटवर पत्र्याच्या खोल्या दिसतात. ठिय्यावरून एका दिवसापुरता उचललेल्या माणसाला कोण देणार? त्याचा मालक रोज संध्याकाळी बदलतो.

आता निवाऱ्यांबद्दल. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये राज्यांना सांगितलं की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, आणि तो बाराही महिने, चोवीस तास उघडा हवा. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच प्रमाण आलं: एका निवाऱ्यात ५० ते १०० माणसं, माणशी सुमारे ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत नागपूर २४ लाखांचं होतं. म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं २४ निवारे हवे होते. त्याच्या जवळपासही आपण नाही.

जे आहेत त्यांतही जागा रिकाम्या राहतात आणि अधिकारी म्हणतात, "आम्ही सोय केली, हेच येत नाहीत." हे वाक्य फार ऐकलं आहे, म्हणून त्याची शहानिशा करायला मी मेडिकलच्या भिंतीजवळच्या लोकांना विचारत गेलो. एकानं दिलेलं उत्तर पुरेसं होतं: "तिथून सकायी निघून येईपर्यंत ठिय्या हुकते. मंग खाऊ काय?" निवारा कामापासून चार किलोमीटर लांब असेल तर ऑटोचे वीस-तीस रुपये जातात, नाहीतर पहाटे पाचला उठून चालावं लागतं. नवरा-बायको असतील तर दोघांना वेगळं करतात. भंगाराचं पोतं आत नेऊ देत नाहीत, आणि ते पोतं म्हणजे उद्याची कमाई. सकाळी बाहेर काढतात. जिथे काम तिथेच माणूस झोपतो. शहाणा माणूस दुसरं काय करेल? अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतही निवारे बेघरांच्या वस्तीजवळ आणि कामाच्या ठिकाणाजवळ असावेत असंच म्हटलेलं आहे. पण जागा शोधताना प्रश्न विचारला जातो तो "कुठे लागते?" असा नसतो, "कुठे कोणी ओरडणार नाही?" असा असतो.

ओरडणारे म्हणजे आपण. हे मी दुसऱ्यांबद्दल लिहीत नाही. आमच्या भागात पटसंख्या घसरून बंद पडलेली एक शाळा आहे. चार खोल्या, नळ, संडास, भोवती भिंत. तिथे निवारा होणार अशी बातमी आली आणि दुसऱ्याच संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात दीडशे माणसं जमली. त्यातले कित्येक जण माझ्याबरोबर ब्लँकेट वाटायला आलेले होते. मीही तिथे होतो, आणि मी तोंड उघडलं नाही. ती गप्प बसलेली संध्याकाळ मला अजून टोचते. निवारा झाला नाही. शाळेत आता एका मंडळाचं डेकोरेशनचं सामान ठेवतात.

त्या सभेत मांडलेले मुद्दे खोटे होते असं मी म्हणणार नाही. मुली रात्री क्लासवरून येतात. दारू पिऊन पडणारे लोक येतील. चोऱ्या होतील. घरांचे भाव पडतील. ज्याला मुलगी आहे त्याची भीती हसण्यावारी नेणं अन्याय आहे. पण त्याच सभेला मी आज काही गोष्टी विचारेन. ही माणसं आजही आपल्याच भागात झोपतात; शाळेपासून दोनशे पावलांवर, मेडिकलच्या भिंतीला. ती कोण आहेत, किती आहेत, कधी येतात-जातात, याची आज कुठे नोंद आहे का? निवाऱ्यात रजिस्टर असतं, रखवालदार असतो, दिवा असतो, संडास असतो. उघड्यावर यांतलं काहीच नसतं. दारूचं म्हणाल तर मी पिणारे पाहिलेत आणि न पिणारेही. साडेतीन अंशांच्या रात्री, २०१८ च्या डिसेंबरात नागपूरचा पारा तिथवर उतरला होता, सिमेंटवर झोपण्यासाठी कोणी एक क्वार्टर घेतली तर आधी त्याच्या पाठीखालचं सिमेंट काढा, दारू सोडवण्याचं मग बोलू. फिनलंडनं २००८ पासून हाच क्रम धरला: आधी पक्कं घर, व्यसन आणि आजारावर उपचार नंतर. तिथली बेघरांची संख्या त्यानं बरीच खाली आली. त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही, मान्य. क्रम उलटा करायला पैसा लागत नाही.

चौथा मुद्दा घरांच्या भावाचा. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. कदाचित थोडे पडतीलही. एका बाजूला भाव आणि दुसऱ्या बाजूला पन्नास माणसांचा निवारा, असं ठेवून आपण मतदान केलं आणि भाव जिंकला, एवढं तरी मान्य करू.

आता कायदा. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यात भीक मागणं म्हणजे केवळ हात पसरणं नाही. ज्याच्याकडे उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नाही आणि जो भिकेवर जगत असावा अशा अवस्थेत सार्वजनिक जागी भटकतो किंवा थांबतो, तोही त्या व्याख्येत येतो. पोलिसांना त्याला वॉरंटशिवाय पकडता येतं. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षं डांबून ठेवता येतं, पुन्हापुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये या कायद्यातली शिक्षेची मुख्य कलमं दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कायदा आहेच. मार्च २०२३ मध्ये जी-२० च्या निमित्तानं नागपुरात परदेशी पाहुणे येणार होते. शहर रंगवलं गेलं, भिंतींवर चित्रं आली, आणि पोलिसांनी कलम १४४ खाली चौकाचौकांत भीक मागण्यावर बंदीचा आदेश काढला. सिग्नलवरची माणसं दिसेनाशी झाली. पाहुणे गेल्यावर काही आठवड्यांत त्यातले बरेच चेहरे मला पुन्हा दिसले. मधल्या काळात त्यांच्यापैकी कोणाला घर मिळालं नव्हतं. हाकलल्यानं माणूस फक्त त्याच्या कामापासून, ओळखीच्या चहावाल्यापासून आणि औषध चालू असलेल्या दवाखान्यापासून तुटतो. परत येतो तो आणखी खालच्या पायरीवर.

याच्या उलटही कायद्यात काही आहे. निवडणूक आयोगाच्या नियमात बेघर माणसाला मतदार होण्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. मतदार नोंदणीच्या अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहितो, आणि बूथ लेव्हल ऑफिसर रात्री तिथे जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते एकाहून जास्त वेळा पाहतो. रात्री येऊन फुटपाथवरच्या माणसाला शोधणारं सरकार! हीच पद्धत रेशन कार्डाला, निराधार योजनेच्या पेन्शनला, बँक खात्याला का लागू होऊ नये? आजच्या घडीला आधार हरवलेल्या माणसाचं पेन्शन, रेशन, दवाखान्यातली योजना सगळं एका झटक्यात अडतं, आणि ते पुन्हा सुरू करायला जे कागद मागतात ते सगळे पत्त्याचेच असतात.

मनाचे आजार असलेल्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. मानकापूरजवळच्या चौकाला आपण अजूनही पागलखाना चौक म्हणतो. ऑटोवाले म्हणतात, शिकलेलेही म्हणतात. तिथलं मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. त्या भिंतींच्या आत बरे झालेले पण घरचे न्यायला न आलेले लोक असतात, आणि भिंतींच्या बाहेर, जटा वाढलेले, उन्हात स्वेटर घालून फिरणारे, ज्यांना आत जायला हवं होतं ते असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं अशा भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षणात घेऊन उपचारापर्यंत पोहोचवणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य ठरवलं आहे. बरं झालेल्यांना समाजात राहता यावं म्हणून सरकारनं लहान सामूहिक घरं उभारावीत, हेही त्यात आहे. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्रानं रस्त्यावरच्या हजारो मनोरुग्णांना औषध देऊन त्यांच्या गावी, घरी पोहोचवलं. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कामातून मी शिकलो ते इतकंच की "त्याला कोणी नाही" हे बहुतेकदा खरं नसतं. तो कुठून आला हे विचारण्याइतका वेळ कोणी दिलेला नसतो. आपल्या चौकात असा माणूस दिसला तर व्हिडिओ काढू नका. ठाण्यात जा, हा कायदा आहे हे सांगा, नोंद करायला लावा. दोन हेलपाटे पडतील. आम्हाला एका माणसासाठी पाच पडले.

हे सगळं नागपूरला झेपणार नाही, असं कोणी म्हटलं तर मला पटत नाही, कारण झेपतं हे मी पाहिलं आहे. दीक्षाभूमीवर दर वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो माणसं येतात. आजूबाजूच्या शाळा मुक्कामासाठी उघडतात, संडास लागतात, पाण्याचे टँकर उभे राहतात, वस्त्या-वस्त्यांतून लोक जेवणाचे स्टॉल लावतात. दोन-तीन दिवस शहरात एक दुसरं शहर वसतं आणि सुखरूप परत जातं. दर हिवाळ्यात अधिवेशनासाठी आमदार निवास, रविभवन, नागभवन, १६० खोल्यांचे गाळे झाडून-पुसून तयार होतात. आणि २०२० चा मे महिना आठवा. लॉकडाऊनमध्ये डोक्यावर बोचकी घेऊन मजुरांचे तांडे येत होते. पांजरी टोल नाक्यावर नागपूरच्या संस्थांनी आणि साध्या माणसांनी मांडव टाकला. पाणी, जेवण, चपला, पुढे जायला गाड्या. उन्हं ४५ च्या घरात होती. त्या वेळी कोणी विचारलं नाही की ही माणसं आमच्या भागात कशाला. महापालिकेच्या शाळाही तेव्हा निवारे झाल्या होत्या. तीच शाळा, त्याच खोल्या. संकट सगळ्यांचं होतं म्हणून दारं उघडली. त्याच माणसाचं रोजचं संकट त्याच्या एकट्याचं असतं.

विदर्भाला यासाठी आदर्श बाहेरून आणायची गरज नाही. शेंडगावच्या गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्या बरोबरीनं "बेघरांना आसरा" आहे. त्यातलं अन्न आणि पाणी आपण उचललं, प्याऊ लावतो, भंडारे करतो. आसरा मागे राहिला. बाबांनी स्वतः आयुष्यभर धर्मशाळा बांधल्या, पंढरपूर, नाशिक, आळंदीला, आणि स्वतःसाठी खोली ठेवली नाही. मुंबईत दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरच्या पेशंटांची आणि नातेवाइकांची राहण्याची सोय होते. आपल्या मेडिकल-मेयोला येणाऱ्या माणसांची संख्या पाहता इथे अशा अनेक हव्यात. चेन्नई महापालिकेनं सरकारी रुग्णालयांच्या आवारातच नातेवाइकांसाठी निवारे चालवले आहेत. बाया, वृद्ध, मनोरुग्ण यांच्यासाठी तिथे वेगळे निवारे आहेत, कारण सगळ्यांना एका हॉलमध्ये कोंबलं की सगळ्यात दुबळा माणूस आधी पळतो.

मग मोहल्ल्यानं काय करावं? मी आता फार मोठं काही मागत नाही. बंद शाळेत निवारा होणार असेल तर विरोधाच्या सभेत एकानं तरी उठून बोलावं. निवाऱ्यावर देखरेख ठेवायला समिती असते, तिच्यात जावं आणि नवरा-बायकोला एकत्र का ठेवत नाही, सामान का ठेवू देत नाही, सकाळी का काढता, हे विचारावं. ओळखीच्या मजुराला बँकेत, रेशन दुकानात ओळख द्यावी, सोबत जावं. तुम्ही सोबत असलात की खिडकीवरचा आवाज बदलतो, हे मी पाहिलं आहे. मे महिन्यात बगीचे दुपारी उघडे राहतात का ते बघावं; शहराच्या उष्णता कृती आराखड्यात ती सोय आहे, आणि तरी ऐन बारा वाजता कुलूप लागलेलं फाटक मला दिसलं आहे. दर मे महिन्यात पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात: फुटपाथवर अनोळखी इसमाचा मृतदेह, उष्माघाताचा संशय. त्या इसमाला चहा देणारा कोणीतरी होता, त्याला तो अनोळखी नव्हता.

चहावाल्यावरून आठवलं. मेडिकल चौकातल्या एका चहाच्या ठेल्याच्या खाली, स्टोव्हच्या मागे, एका बाईनं सात बोचकी ठेवली होती. ती सात जणांची होती. बाई त्याचे पैसे घेत नाही. "सकायी ठेवतात, संध्याकायी नेतात. माह्यं काय जाते?" असं म्हणाली. पाऊस आला की आधी बोचकी झाकते, मग साखरेचा डबा.

गेल्या डिसेंबरात आम्ही ब्लँकेट घेतले नाहीत. त्या पैशांत सोळा कप्प्यांचं लोखंडी कपाट घेतलं, प्रत्येक कप्प्याला कडी आणि कुलूप. ते ठेवायला जागा मिळवण्यात पाच आठवडे गेले. चार दुकानदारांनी नाही म्हटलं, पाचव्यानं, पंक्चरच्या दुकानाच्या मागच्या पत्र्याखाली, हो म्हटलं. आज सोळापैकी चौदा कप्पे भरलेले आहेत. ब्लँकेट परत करणाऱ्या त्या माणसाचा कप्पा तिसरा. त्यात एक चादर, थापी, ओळंबा आणि प्लास्टिकच्या पिशवीत नवं आधार कार्ड असतं. आता कॉटन मार्केटजवळ दुसरं कपाट ठेवायचं आहे. तिथला एक अडत्या जागा द्यायला तयार आहे, पण त्याला विचारायचं आहे की रात्री दहानंतर कोणी उशिरा आला तर दार कोण उघडणार. त्यासाठी आम्ही येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्याच्या गाळ्यावर बसतो आहोत.